‘परमेश्वर प्रथम’चे फ्लेक्स लावण्याआधी

आमच्या मंडळीचे पाळकसाहेब आणि पास्टोरेट कमिटीचे (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचे) सर्व सभासद यांना,

प्रभूमध्ये सलाम.

फाटकात भेटलो की आपण एकमेकांना ‘जय मसीह की’ म्हणतो. उपासना हिंदीत, सूचना हिंदीत, कमिटीचं इतिवृत्तही हिंदीत. तरी हे पत्र मी मराठीत लिहिते आहे. कमिटीतले निम्म्याहून जास्त जण नगर-जालन्याकडून मिलच्या, रेल्वेच्या नाहीतर दवाखान्याच्या नोकरीसाठी इंदूरला आलेल्या घरांतले आहेत, आणि रागावले की मराठीतच रागावतात, हे मी चाळीस वर्षं पाहते आहे. शिवाय हिंदीत लिहिलं की त्याचा अर्ज होतो, आणि अर्ज फायलीत जातो. म्हणून मराठीत, आणि सगळ्यांना वाचता येईल असं. देवास, महू, उज्जैनच्या मराठी घरांतही थोड्याफार फरकानं हेच चाललेलं आहे.

गेल्या रविवारी सूचनांमध्ये नव्या वर्षाचं ब्रीद जाहीर झालं: ‘परमेश्वर प्रथम’. फाटकापासून वेदीपर्यंत तीन फ्लेक्स, वॉचनाइटपुरता, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेपुरता, भाड्याचा एलईडी पडदा, दरवर्षीप्रमाणे बायबलातल्या वचनांची कार्डं, आणि या सगळ्यासाठी घरटी पाचशे रुपये. इथवर ठीक होतं. मग कुणीतरी (नाव लिहीत नाही, माइक कुणाच्या हातात होता ते सगळ्यांनी पाहिलं) आणखी एक वाक्य जोडलं: ‘जो ३१ की रात परमेश्वर को नहीं दे सकता, वह पूरा साल क्या देगा?’

मागच्या बाकावर एक मुलगा बसला होता. संडेस्कूलमध्ये दहा आज्ञा मीच त्याच्याकडून पाठ करून घेतल्या. आता तो मोटरसायकलवरून लोकांची जेवणं पोचवतो. ३१ डिसेंबरला निम्मं इंदूर घरी चूल पेटवत नाही, आणि त्या एका रात्रीत त्याला तीन-चार साध्या दिवसांची कमाई होते. घरात कमावणारा तो एकटा. आशीर्वादाची प्रार्थना व्हायच्या आत तो उठला. मी वळून पाहिलं तेव्हा दाराबाहेर हेल्मेटचा पट्टा लावत होता.

त्या हेल्मेटामुळे हे पत्र लिहिते आहे.

मी नर्स होते. छत्तीस वर्षांत ३१ डिसेंबरच्या किती रात्री वॉर्डात गेल्या ते मोजलेलं नाही, पण निम्म्याहून कमी नसतील, कारण कुटुंबवाल्या हिंदू मुलींना दिवाळीची सुट्टी आणि आम्हाला नाताळची, मग थर्टीफर्स्ट आमच्याच गळ्यात. एका वर्षी बाराच्या ठोक्याला बाहेर फटाके सुरू झाले तेव्हा माझ्या हातात बेडपॅन होतं. म्हातारीला घाई होती आणि नवं वर्ष तिच्यासाठी थांबणार नव्हतं. सकाळी ड्यूटी संपवून खाली आले तर तेव्हाचे आपले पाळकसाहेब सायकल भिंतीला टेकवून उभे. कॅरियरला प्रभुभोजनाची छोटी पेटी. आम्ही चौघी ख्रिस्ती नर्सेस होतो. कपडे बदलायच्या खोलीत, बुटांच्या वासात, त्यांनी आम्हाला भाकर आणि द्राक्षरस दिला आणि ‘आता झोपा’ म्हणाले. रात्र कुणाला दिली असा हिशेब त्यांनी मागितला नाही. ते स्वतः थंडीत सहा किलोमीटर सायकल मारून आले होते.

आता फ्लेक्सवरच्या वचनाविषयी. मत्तय ६:३३. प्रूफ ग्रुपवर आलं म्हणून पाहिलं. आपल्या हिंदी बायबलात आहे ‘पहिले तुम उसके राज्य और धर्म की खोज करो’. मराठीत आहे ‘पहिल्याने त्याचे राज्य व त्याचे नीतिमत्त्व मिळवण्यास झटा’. दोन भाषांत राहणाऱ्या माणसाला हा फायदा असतो, एकीनं झाकलेलं दुसरी उघडं करते. ‘खोज’ डोळे मिटूनही करता येते. ‘झटणं’ अंगमेहनतीचं आहे. मराठीत माणूस परीक्षेसाठी झटतो, आजाऱ्यासाठी झटतो, बहिणीच्या लग्नासाठी झटतो. आणि ‘धर्म’ म्हटलं की उपवास, सण, हजेरी असं काहीतरी डोळ्यांपुढं येतं. ‘नीतिमत्त्व’ म्हटलं की व्यवहार येतो. फ्लेक्सच्या प्रूफमध्ये तर धर्मही नाही आणि नीतिमत्त्वही नाही. ‘पहिले तुम उसके राज्य की खोज करो’ एवढंच आहे आणि मग मोठे ठिपके. जागा पुरली नाही म्हणे. कमिटीच्या दोन फोटोंना जागा पुरली.

हे वचन कुणाला सांगितलं होतं तेही बघा. काय खावं, काय प्यावं, काय पांघरावं या चिंतेत असलेल्या माणसांना. त्याच अध्यायात बावीस वचनं आधी येशूनं त्यांना ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ अशी प्रार्थना शिकवली आहे. आज. महिनाभराची नव्हे. रोजंदारीवरच्या माणसाची ती प्रार्थना आहे. त्या मोटरसायकलवरच्या पोराची आहे. पेन्शन खाणाऱ्या माझ्यासारखीनं आणि गाळ्यांचं भाडं खाणाऱ्या तुमच्यातल्या काहींनी ते ‘३१ की रात’वालं वाक्य त्याच्या तोंडावर फेकावं, हे काही बरं नाही.

‘पहिला’ म्हणजे काय, हे खरं तर इंदूरकरांना शिकवायला नको. २०१७ पासून वर्षामागून वर्ष स्वच्छतेत आपला पहिला नंबर. तो कसा आला? होर्डिंगं लागली, भिंती रंगल्या, गाणी वाजली, ते सगळं खरं. पण नंबर आला तो दर सकाळी दारात गाडी आली की ओला वेगळा, सुका वेगळा, सॅनिटरी वेगळा असं करत लाखो घरांनी डबे धरले म्हणून. कंटाळवाणं काम. कुणी फोटो काढत नाही. सुरुवातीला माझ्या शेजारच्या काकू चिडायच्या, ‘आता कचऱ्याचीही जात पाहायची का’ म्हणायच्या. आता पाहुण्यानं केळ्याची साल चुकीच्या डब्यात टाकली तर त्याच ओरडतात. रोजच्या ख्रिस्ती जगण्यात देव पहिला असणं मला याच जातीचं काम वाटतं. सकाळी उठून हे वेगळं, ते वेगळं. हे बिल खरं, हे खोटं. हे माझं, हे मोलकरणीचं.

आणि म्हणून विचारते: आपलं कंपाउंड झाडणाऱ्या बाईंना आणि रात्रीच्या चौकीदाराला नोव्हेंबरचा पगार कधी मिळाला? मला माहीत आहे, कारण बाई माझ्याकडे तीनशे रुपये उसने मागायला आल्या होत्या. १७ डिसेंबरला मिळाला. कॅरलच्या गाड्या, सांताचे कपडे आणि केक यांची बिलं त्याआधी चुकती झाली होती. बायबलातल्या ‘अनुवाद’ पुस्तकाचा २४ वा अध्याय काढा. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. मोशेनं घातलेला नियम आहे, कम्युनिस्टांनी नव्हे. ‘परमेश्वर प्रथम’ हे खात्याच्या वहीत कुठं दिसतं असं मला कुणी विचारलं, तर मी दर महिन्याच्या १ तारखेला पहिला पैसा कुणाच्या हातात पडला ते बघेन.

नीतिमत्त्वासाठी झटणं किती महाग पडू शकतं, याचं उदाहरण आपल्या दारातच आहे. सिस्टर राणी मारिया केरळमधून इकडे आल्या, उदयनगरच्या गावांतल्या भूमिहीन आदिवासींना सावकारांच्या विळख्यातून सोडवत राहिल्या, आणि २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. पुढं त्यांच्या धाकट्या बहिणीनं तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याचा सोहळा याच शहरात झाला. त्या कॅथॉलिक होत्या म्हणून आपल्याकडे त्यांचं नाव निघत नाही. निघायला हवं. त्या सकाळी त्यांनी बस पकडली होती, एवढंच माझ्या डोक्यात राहतं. आपण पकडतो तशीच बस.

आता वचनांच्या कार्डांविषयी. इथं मी जरा थांबणार आहे, कारण ही गोष्ट तुम्हाला किरकोळ वाटते आणि मला वाटत नाही.

लहानपणापासून मी कार्ड ओढत आले आहे. वॉचनाइटला ताटात पालथी ठेवलेली रंगीत कार्डं, डोळे मिटून एक उचलायचं, आणि ते देवानं वर्षभरासाठी आपल्याला दिलेलं वचन. त्यात एक गंमत आहे, पोरांना ती आवडते, नाकारत नाही. पण ताटात कोणती वचनं असतात ते कधी पाहिलंत? शेपूट नव्हे तर डोकं करीन. शत्रू सात वाटांनी पळतील. तू उसनं देशील, घेणार नाहीस. ‘आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे ये’ असं कार्ड आजवर कुणाला निघालंय? ‘तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर आधी जाऊन समेट कर’ असं? छापणारे छापत नाहीत, कारण घेणारे घेणार नाहीत.

२०२० च्या डिसेंबरात कोविडमुळे कार्डं पाकिटातून घरोघर आली. आमच्या ह्यांच्या पाकिटात स्तोत्र ९१ चं शेवटचं वचन निघालं, दीर्घायुष्याचं. त्यांनी ते चष्म्याच्या घरात ठेवलं. एप्रिलमध्ये ते गेले. तो महिना कसा होता हे तुम्हीही पाहिलंय, अधिक लिहीत नाही. सांत्वनाला आलेल्या एका बाईंनी मला सांगितलं की वचनावर दावा करायला आपण कमी पडलो. मी त्यांना चहा दिला. देवानं मला फसवलं असं मला वाटलं नाही, कारण ते कार्ड देवानं पाठवलं नव्हतं, छापखान्यानं गठ्ठ्यानं पाठवलं होतं. पण पुढं दोन वर्षं ते स्तोत्र उपासनेत वाचायला लागले की मी बाहेर नळापाशी जाऊन उभी राहायची. मग एके दिवशी मत्तय ४ वाचताना ध्यानात आलं की याच स्तोत्रातलं वचन तोडून येशूच्या पुढ्यात धरणारा एक होता. मंदिराच्या शिखरावर. तो सैतान, हे तुम्हाला सांगायला नको.

सगळ्यांत जास्त निघणारं कार्ड यिर्मया २९:११ चं. ‘हिताचे संकल्प’, ‘कुशल ही की कल्पनाएँ’. माझ्याकडे ते चार वेळा निघालं आहे. या अध्यायाचा बराचसा भाग म्हणजे यिर्मया संदेष्ट्याचं एक पत्र आहे, खुलंच म्हणा, यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतोय की दोन वर्षांत सगळे घरी परताल. लोकांना तो आवडला असणारच. हनन्याचं बोलणं कार्डावर छान बसतं. यिर्मयाचं पत्र म्हणतं, सत्तर वर्षं. म्हणजे हे पत्र हातात धरून वाचणाऱ्यांतले बहुतेक परत जाणार नाहीत, तिथंच मरणार. तोवर काय करा? घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या हितासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित. सातव्या वचनातलं नगराचं कुशल आणि अकराव्यातलं तुमचं कुशल, दोन्हीकडे मूळ हिब्रूत ‘शालोम’ हा एकच शब्द आहे. आपण अकरावं कापून खिशात घालतो आणि सातवं ताटात ठेवतच नाही.

होळकरांच्या मागोमाग, मग मिलच्या भोंग्यामागोमाग या शहरात आलेल्या आपल्या मराठी लोकांना तरी हे पत्र कळायला हवं. माझे सासरे दोन वर्षांसाठी म्हणून इंदूरला आले होते. ‘गावाकडे’ एक खोली त्यांनी मरेपर्यंत रिकामी ठेवली. इथं मात्र भाड्याच्या घरापुढं त्यांनी लावलेलं सीताफळ अजून फळ देतं, घरमालकाची नातवंडं खातात.

तेव्हा माझं मागणं असं, की यंदा कार्डं नकोत. त्याऐवजी काय, असं विचाराल म्हणून एक जुनी गोष्ट आठवण करून देते. वॉचनाइट आपल्याकडे आली ती मेथडिस्टांच्या चालीवरून, आणि १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या एकत्र होऊन आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली तेव्हा त्या सहांत ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्टही होते. म्हणजे ही शिदोरी आपलीच आहे. जॉन वेस्लीनं ऑगस्ट १७५५ मध्ये लंडनला कराराची उपासना घेतली, अठराशे माणसं उभी राहिली. पुढं ती नव्या वर्षाच्या सुरुवातीला घ्यायची रीत पडली. त्या उपासनेत देव माणसाला काय देणार याची यादी नसते. माणूस देवाला म्हणतो, मी आता माझा नाही, तुझा आहे. मला कामाला लाव नाहीतर बाजूला ठेव, भरलेला ठेव नाहीतर रिकामा. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा ‘बाजूला ठेव’ या शब्दांशी मी अडखळले. रिटायर झालेल्या बाईला ते शब्द टोचतात. पण कार्डापेक्षा ते खरे आहेत. दहा मिनिटांत म्हणून होतं, पडदा लागत नाही.

(१ जानेवारीचा बायबलात काही मान नाही, हेही एकदा मान्य करून टाकू. निर्गम १२ मध्ये वर्षाचा पहिला महिना वसंतातला आहे, वल्हांडण या यहुदी सणाचा. त्या हिशेबानं शेजारच्या जोशीकाकू पाडव्याला मला चिडवतात त्यात थोडं तथ्य आहे. मंडळीच्या कॅलेंडरात १ जानेवारी हा नाताळ धरून आठवा दिवस, बाळाचं नाव येशू ठेवल्याचा. तेवढं पुरे आहे.)

घरटी पाचशेबद्दलही बोलते. माझ्या सासूबाई अडाणी होत्या, सही करता यायची नाही. कणीक मळायला घेतली की आधी एक मूठ पीठ बाजूच्या डालड्याच्या डब्यात. घरात सहा खाणारे आणि पिठाची पिंपं कधी भरलेली नसायची. लग्न होऊन आले तेव्हा मी म्हटलं, आई, पोळ्या झाल्यावर उरेल ते टाकू. त्या म्हणाल्या, ‘उरेल ते कुत्र्याला. देवाचं आधी.’ महिनाअखेरीला तो डबा मिलमध्ये हात गेलेल्या एका माणसाच्या घरी जायचा, मंडळीतला नव्हता तो. नर्सिंगला माझ्याबरोबर एक मिझो मुलगी होती, ती हे ऐकून हसली होती. त्यांच्याकडे १९१० पासून घरोघरच्या बायका भात शिजत घालताना मूठभर तांदूळ बाजूला काढतात, बुहफाई थाम म्हणतात त्याला, आणि तिथल्या मंडळीचं केवढंतरी काम त्या मुठीवर चालतं. माझ्या सासूबाईंना मिझोराम कुठं आहे हे माहीत नव्हतं.

पाचशे रुपये मला जड नाहीत. मागच्या बाकावर जड आहेत, आणि ज्यांनी दिले नाहीत त्यांची नावं फळ्यावर लागतात. मूठ कुणालाही जड होत नाही आणि कुणाची केवढी हे कुणाला दिसत नाही. सासूबाईंचा डबा माझ्याकडे आहे, झाकण जरा वाकलंय.

२७ तारखेच्या मीटिंगला मी सभासद नसले तरी येणार आहे. रजिस्टरात माझं नाव आहे, बाहेर बसवू शकणार नाही. चार गोष्टी विषयपत्रिकेवर घ्या एवढी विनंती. बाईंचा आणि चौकीदाराचा डिसेंबरचा पगार १ जानेवारीला सकाळी, फ्लेक्सवाल्याच्या आधी. कार्डांऐवजी यिर्मयाचा २९ वा अध्याय पूर्ण वाचायचा, चौदा वचनांपर्यंत तरी. पाचशेची सक्ती आणि फळ्यावरची नावं बंद. आणि १ तारखेला सकाळी साडेआठला रात्रपाळीवाल्यांसाठी वेगळं प्रभुभोजन: नर्सेस, चौकीदार, स्टेशनवरचे, मोटरसायकलवाले. पाच जण आले तरी चालेल. पाळकसाहेब, सायकल लागणार नाही, सगळे इथंच येतील. मी सात वाजता येऊन पोहे टाकते, शेव-जिलेबी कुणीतरी आणा.

त्या मुलाला मी फोन केला होता. ‘आंटी, साडेआठपर्यंत मोकळा होतो मी, पण हेल्मेट कुठं ठेवू’ असं विचारत होता. पहिल्या बाकावर ठेव म्हटलं.

तुमची बहीण,
मंडळीची एक जुनी सभासद, इंदूर